औटकी येणाऱ्याला डॅनिश

डॅनिश शिकायला बसलेला इंग्रज माणूस चाळीसपर्यंत सुखरूप पोहोचतो आणि पन्नासला अडतो. पन्नासला डॅनिशमध्ये ‘हालत्रेस’ म्हणतात. या शब्दात पाच नाहीत आणि दहाही नाहीत, आहे तो ‘अर्धा तिसरा’. साठ म्हणजे ‘त्रेस’, त्यात नुसते तीन. सत्तर म्हणजे ‘हालफ्येर्स’, अर्धा चौथा. ऐंशीला ‘फिर्स’, त्यात चार. नव्वदला ‘हालफेम्स’, अर्धा पाचवा. इंग्रजीतून डॅनिश शिकवणारे इथे बहुधा हात टेकतात आणि तर्क न शोधता पाठ करा म्हणतात.

मराठी माणसाने तर्क खुशाल शोधावा. तो त्याच्याच घरात सापडेल. ‘औट घटकेचं राज्य’ हा वाक्प्रचार सगळ्यांना ठाऊक असतो. यातलं ‘औट’ म्हणजे साडेतीन, आणि ते आलं संस्कृतातल्या ‘अर्धचतुर्थ’ या शब्दावरून. तीन पूर्ण झाले, चौथा अर्धाच आहे, म्हणून अर्धचतुर्थ. ‘अडीच’ हे त्याच घडणीचं. मूळ शब्द ‘अर्धतृतीय’, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. प्राकृतातून घासत घासत तो अडीच झाला. ‘दीड’च्या पोटातही असाच अर्धा दुसरा आहे. डॅनिशमध्ये दीडला आजही ‘हालआनन’ म्हणतात, शब्दशः अर्धा दुसरा. ‘हालत्रेस’चा जुना, लांबलचक अवतार उलगडला तर त्यात तीन तुकडे निघतात: अर्धा तिसरा, वेळा, वीस. अडीच वेळा वीस. म्हणजे अडीच विसा. सत्तर म्हणजे औट विसा. साठ म्हणजे तीन विसा.

विसांवर मोजणं केंदूरसारख्या गावातल्या जुन्या पिढीला परकं नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळच्या शेजारी हे गाव आहे. ज्ञानेश्वरांचे समकालीन मानले जाणारे संत कान्हूराज पाठक इथले. बाजीरावाने मस्तानीला केंदूर, पाबळ आणि लोणी ही गावं इनाम दिली होती, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांतही हे नाव भेटतं. या भागात कांदा पिकतो, आणि आजूबाजूला सणसवाडी, रांजणगाव, चाकण असे औद्योगिक पट्टे आहेत. ‘पाच विसा शंभर’ हा हिशोब ग्रामीण महाराष्ट्रात शाळेची पायरी न चढलेल्यांनाही येत असे. शाळेत गेलेल्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकावे लागत. ज्याच्या आजोबांना औटकी पाठ होती त्याने ‘हालफ्येर्स’ला घाबरायचं काही कारण नाही.

घड्याळातही तेच. डॅनिश माणूस ‘हाल त्रे’ वाजता भेटू म्हणाला तर त्याचा अर्थ अडीच वाजता. हे शब्द इंग्रजीत जसेच्या तसे नेले की ब्रिटिश माणसाच्या बोलीत साडेतीन होतात, आणि तो तासभर उशिरा पोहोचतो. मराठी डोक्यात ‘अर्धा तिसरा म्हणजे अडीच’ एवढं एकदा बसलं की पुढचा घोळ टळतो. पावणेआठ आणि सव्वाआठ यांची घडणही दोन्ही भाषांत सारखीच आहे: आठला पाव कमी, आठवर पाव.

पंचवीसचंही असंच आहे. इंग्रजी आधी वीस म्हणते, मग पाच. डॅनिश म्हणते ‘फेम ओ त्यूव’, पाच आणि वीस. मराठी पंचवीसमध्येही पाच पुढे आणि वीस मागे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली होती: लहान मुलाला आकडा ज्या क्रमाने दिसतो त्याच क्रमाने ऐकू यावा. विधानसभेत तर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरही कोटी झाली. हाच वाद नॉर्वेत फार आधी निकालात निघाला होता. नॉर्वेजियन लोकही डॅनिशसारखं ‘पाच आणि वीस’ म्हणत. टेलिफोन केंद्रातल्या मुलींना नंबर उलटसुलट ऐकू येत, चुकीच्या घरी फोन जात. १९५१ मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठराव करून क्रम बदलला. डेन्मार्क जागचा हलला नाही. पन्नास क्रोनरच्या नोटेवर बरीच वर्षं ‘फेमती’ असा सोपा शब्द छापलेला असे, पण दुकानात ती नोट मोडताना लोक ‘हालत्रेस’च म्हणत.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कोणती भाषा किती काळात शिकवता येते याचा तक्ता बाळगते. त्यात डॅनिश सर्वांत सोप्या गटात आहे, सुमारे २४ आठवड्यांची. मराठी अवघड गटात, ४४ आठवड्यांची. हा हिशोब अर्थात इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा आहे. त्याला डॅनिश सोपी जाण्यामागे इतिहास आहे. नवव्या शतकात डेन लोकांनी इंग्लंडचा मोठा भाग व्यापला होता, आणि त्यांच्या बोलीतून इंग्रजीत अंडं, खिडकी, सुरी, कायदा यांचे शब्द आले. इतकंच काय, ‘ते’ या अर्थाचं इंग्रजी सर्वनामही तिथूनच आलं. ही हकिकत सगळ्यांत रंगवून सांगितली ती ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने, इंग्रजीच्या वाढीवर १९०५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात. आपल्याकडे इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ते पुस्तक अभ्यासलं आहे.

मराठी माणूस डॅनिशकडे जातो तोही इंग्रजीच्याच दारातून. पुण्याच्या सुझलॉन या पवनचक्क्यांच्या कंपनीने २००० नंतरच्या दशकात आपलं आंतरराष्ट्रीय मुख्यालय डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात थाटलं होतं. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची पुण्यात मोठी कार्यालयं आहेत. अशा वाटांनी इंजिनीअर, संगणकवाले, त्यांची कुटुंबं तिकडे गेली. तिथे राहायचं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते. कायमच्या वास्तव्यासाठी ‘प्रोवे इ डान्स्क’ची दुसरी पायरी लागते, नागरिकत्वासाठी साधारणपणे तिसरी. तयारीची पुस्तकं आणि मोबाइलवरची अॅप्स मात्र इंग्रजी बोलणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली. इंग्रजी माणूस जिथे ठेचकाळतो तिथे ती दहा पानं थांबतात, आणि मराठी माणूस जिथे ठेचकाळतो तिथून भरधाव निघून जातात.

गंमत अशी की दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रवास उलट्या दिशेने झाला होता, आणि तोही डॅनिश झेंड्याखाली. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठावरचं श्रीरामपूर १७५५ पासून १८४५ पर्यंत डॅनिशांच्या ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम कॅरी आणि त्याचे सोबती १८०० च्या सुमारास डॅनिश गव्हर्नरच्या आश्रयाला गेले. तिथून १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण इंग्रजीत निघालं आणि १८१० मध्ये मोडी लिपीतल्या खिळ्यांनी छापलेला मराठी-इंग्रजी कोश. मराठीच्या कामात कॅरीला पंडित वैजनाथ शर्मा यांची मोठी मदत होती. म्हणजे इंग्रजांना मराठी शिकवणारं व्याकरण डॅनिश वसाहतीत तयार झालं. पुढे १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांनी मराठीत मराठीचं व्याकरण लिहिलं, पण त्यालाही बराचसा साचा लिंडली मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा होता. इंग्रजीच्या चष्म्यातून दुसरी भाषा पाहायची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

खुद्द एक थोर डॅनिश व्याकरणकार मुंबईत येऊन गेला होता. रास्मुस रास्क त्याचं नाव. युरोपातल्या भाषांमधले ध्वनी एकमेकांत कोणत्या नियमाने बदलतात हे त्याने १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवलं होतं. रशिया आणि इराण पालथा घालून तो १८२० मध्ये मुंबईला पोहोचला. पारशी दस्तुरांकडून अवेस्ता समजून घेऊन, जुन्या पोथ्या मिळवून तो मद्रास आणि सिलोनमार्गे १८२३ मध्ये कोपनहेगनला परतला. अवेस्ताची भाषा अस्सल आणि प्राचीन आहे, ती कोणी नंतर रचलेली नाही, हे त्याने १८२६ मध्ये सिद्ध केलं. त्याच्यासारख्यांच्या कामामुळेच आज सांगता येतं की डॅनिश ‘नाउन’ आणि मराठी ‘नाव’, ‘न्यू’ आणि ‘नवा’, ‘ओत्ते’ आणि ‘आठ’ ही एकाच कुळातली चुलत भावंडं आहेत.

आता व्याकरण. डॅनिश नामांना दोन लिंगं: एक सामान्य, त्यात पूर्वीची पुल्लिंग आणि स्त्रीलिंग विरघळून गेलेली, आणि दुसरं नपुंसक. सुमारे तीन चतुर्थांश नामं सामान्य लिंगाची. इंग्रजी माणसाला पहिला धक्का इथेच बसतो, कारण घराला लिंग असतं ही कल्पनाच त्याला विचित्र वाटते. मराठी माणूस तो खुर्चा, ती खुर्ची, ते खुर्चं असा खेळ लहानपणापासून करत आलेला. त्यात काही ठिकाणी नशीबही साथ देतं. ‘हूस’ म्हणजे घर, नपुंसक. ‘बार्न’ म्हणजे मूल, तेही नपुंसक, मराठीतल्या ‘ते मूल’, ‘ते लेकरू’प्रमाणेच. पाणी, मीठ, अंडं, सफरचंद, नाव, टेबल, सगळी दोन्हीकडे नपुंसक. पण यावर भिस्त ठेवू नये. दूध मराठीत नपुंसक, डॅनिशमध्ये नाही. डोळा मराठीत पुरुष, डॅनिशमध्ये नपुंसक. विशेषणंही नामाप्रमाणे रूप बदलतात: मोठी गाडी ‘स्तोर बिल’, मोठं घर ‘स्तोर्त हूस’, मोठी घरं ‘स्तोरे हूसे’. मोठा-मोठी-मोठं करणाऱ्या जिभेला यात नवल नाही.

घराला शेपूट लागण्याचंही नाही. ‘हूस’ म्हणजे कुठलंही घर, ‘हूसेद’ म्हणजे ते ठरावीक घर. ठरावीकपणा दाखवणारा शब्द इंग्रजीत नामाच्या आधी सुटा उभा असतो, डॅनिशमध्ये तो नामाच्या मागे चिकटतो. घर, घरात, घराला, घराचं असे प्रत्यय जोडत जगणाऱ्याला प्रत्यय नवा नाही, पण तो कधी लावायचा हे मात्र नवं आहे. मराठीत असा शब्द नाही, म्हणून मराठी माणूस तो गाळतो किंवा नको तिथे लावतो. तरी ती जाण मराठीत अगदीच नाही असं नाही. ‘मुलगी बघायला गेले’ आणि ‘मुलीला बघायला गेले’ यांतला फरक लग्नाळू मुलाच्या घरात कुणालाही कळतो. पहिल्यात मुलगी अजून ठरायची आहे, दुसऱ्यात ती माहीत असलेली मुलगी आहे. तो ‘ला’ जे काम करतो त्याच्या जवळपासचं काम डॅनिश शेपूट करतं. मध्ये विशेषण आलं की हे शेपूट गळतं आणि सुटा शब्द पुढे येतो: ‘दे स्तोरे हूस’, ते मोठं घर. इथे मात्र नियम समजून सराव करण्याला पर्याय नाही.

डॅनिश वाक्याचा कणा एका नियमावर उभा आहे: मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी. पहिल्या जागी काहीही चालतं. कर्ता, काळ, स्थळ, कर्म, अगदी एखादं अख्खं उपवाक्यही. ‘मी काल कांदा विकला’ हे कर्त्यापासून सुरू केलं तर ‘याय सोल्ते लॉय इ गोर’. ‘काल’ने सुरू केलं की कर्ता क्रियापदाच्या मागे जातो: ‘इ गोर सोल्ते याय लॉय’. शब्दशः, काल विकला मी कांदा. दिंडीत पताका आज कोणाच्या खांद्यावर आहे ते बदलेल, वीणेकऱ्याची जागा बदलत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हे जन्मभर छळतं, कारण ‘काल’ पुढे आला तरी त्याचा कर्ता क्रियापदाच्या पुढेच उभा राहतो. मराठी कानाला ‘काल विकला मी कांदा’ अजिबात खटकत नाही. गावच्या पारावर अर्धी वाक्यं अशीच बोलली जातात: ‘आलाय तो’, ‘परवा गेलो होतो मी चाकणला’. फरक एवढाच, मराठीत ही फेरफार ठसक्यासाठी होते आणि डॅनिशमध्ये ती सक्तीची आहे.

डेन्मार्कमधल्या वर्गांत हा क्रम चौकटी काढून शिकवतात. चौकटींची ही कल्पना पाउल दिदेरिक्सन या व्याकरणकाराची, १९४६ मध्ये निघालेल्या त्याच्या प्राथमिक डॅनिश व्याकरणातली. वाक्याचे तीन भाग: पुढची मोकळी जागा, मग क्रियापद, कर्ता आणि ‘नाही’सारखे शब्द, मग उरलेलं सगळं. शब्द कोणता आहे यापेक्षा तो कोणत्या चौकटीत बसला यावर अर्थ ठरतो. मराठीत हे काम विभक्ती करते, म्हणून ‘कुत्र्याने मांजराला चावलं’ हे कसंही फिरवलं तरी चावणारा कुत्राच राहतो. डॅनिश नामांच्या विभक्त्या कधीच गळून गेल्या. उरला तो फक्त षष्ठीचा ‘स’. बाकी सगळा भार जागेवर.

‘नाही’ची जागा ही डॅनिश शिकवणाऱ्यांची आवडती डोकेदुखी. ‘इगे’ म्हणजे नाही. ‘तो आला नाही’ म्हणजे ‘हान कॉम इगे’, नकार क्रियापदाच्या मागे. पण ‘कारण तो आला नाही’ म्हणायचं तर ‘फॉर्दी हान इगे कॉम’, नकार क्रियापदाच्या पुढे उडी मारतो. मुख्य वाक्यात मागे, उपवाक्यात पुढे. इंग्रजीत असं काहीच होत नाही, म्हणून इंग्रजी माणसाला ही निव्वळ लहर वाटते. मराठीत पाहा: ‘तो आला नाही’, पण ‘तो न आल्यामुळे’. ‘पाऊस पडला नाही’, पण ‘पाऊस न पडल्याने’. मराठीतही स्वतंत्र वाक्यात नकार मागे येतो आणि वाक्य दुसऱ्याच्या पोटात गेलं की पुढे सरकतो. दोन भाषांनी हे एकमेकींकडून घेतलेलं नाही आणि तपशील वेगळे आहेत, तरी शिकणाऱ्याला धरायला एक खुंटी मिळते. ही खुंटी इंग्रजीतल्या पुस्तकात कशी असणार?

‘आपला’ हीदेखील अशीच खुंटी. ‘तो आपल्या बायकोवर प्रेम करतो’ आणि ‘तो त्याच्या बायकोवर प्रेम करतो’ यांतल्या दुसऱ्या वाक्यावर मराठीत भुवया उंचावू शकतात: कोणाच्या बायकोवर? डॅनिशमध्ये पहिल्याला ‘सिन’ आणि दुसऱ्याला ‘हान्स’. तिथे तर संशयाला जागाच नाही, ‘हान्स’ म्हटलं की दुसऱ्याचीच बायको. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे इंग्रजी विद्यार्थी वर्गात नकळत भलभलत्या गोष्टी कबूल करून जातात. ‘सिन’ हा आपला-आपली-आपलं याप्रमाणे वस्तूच्या लिंगावर बदलतो. मात्र तो फक्त ‘तो’ आणि ‘ती’ यांच्यासाठी. ‘ते सगळे’ आले की ‘सिन’ चालत नाही. मराठी माणूस इथे हमखास घसरतो, कारण त्याचा ‘आपला’ सगळ्यांना पुरतो.

नात्यांच्या बाबतीत तर घरी आल्यासारखं वाटावं. ‘मोस्तर’ म्हणजे आईची बहीण, आणि आपली मावशीही मूळच्या मातृष्वसेवरून, आई आणि बहीण हेच दोन शब्द जोडून आलेली. ‘फास्तर’ आत्या, ‘मोरब्रोर’ मामा, ‘फारब्रोर’ काका. इंग्रजीने या चौघांना दोन शब्दांत कोंबलं. आजोबा-आजीच्या बाबतीत डॅनिश आपल्याही पुढे जाते. वडिलांचे वडील आणि आईचे वडील यांना मराठीत एकच ‘आजोबा’, डॅनिशमध्ये ‘फारफार’ आणि ‘मोरफार’.

आणि ते बारके शब्द. डॅनिश बोलणं ‘यो’, ‘दा’, ‘नॉक’, ‘विस्त’ अशा कणांनी भरलेलं असतं, आणि इंग्रजीत त्यांना नेमका शब्द नसल्याने पुस्तकं त्यांच्यावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतात. मराठीत ते च, की, ना, म्हणे यांनी सहज भागतं. ‘हान कॉमर नॉक’ म्हणजे येईल तो बहुतेक. ‘विस्त’ घातलं की येतोय म्हणे. नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा तर साधा ‘या’ चालत नाही, ‘यो’ लागतो. ‘येणार नाहीस का?’ याला आपण ‘येणार की!’ म्हणतो, तो ‘की’ म्हणजे हा ‘यो’. इंग्रजीतल्या ‘प्लीज’चा जोडीदार दोन्ही भाषांत रोजच्या बोलण्यात नाही. ‘कृपया’ आपण पाटीवर लिहितो, तोंडाने ‘देता का जरा?’ म्हणतो. डॅनिश माणूसही ‘मला मिळेल का?’ म्हणून मागतो आणि शेवटी ‘ताक’ म्हणजे आभार जोडतो.

एवढं सगळं ओळखीचं, मग मराठी माणूस अडतो कुठे?

पहिली अडचण कर्त्याची. मराठीत ‘येतो’, ‘जेवले’, ‘निघालात का?’ एवढं पुरतं, कारण कोण ते क्रियापदच सांगतं. डॅनिश क्रियापद याबाबतीत मुकं आहे. मी आहे, तू आहेस, ते आहेत, सगळ्यांना एकच ‘एर’. पाठ करायला सोपं, पण त्याची किंमत अशी की कर्ता दर वेळी बोलावाच लागतो. पाऊस पडतो तेव्हाही कोणीतरी कर्ता लागतो: ‘दे राइनर’, ‘ते’ पाऊसतं. दुसरी अडचण मराठीतल्या ‘मला’ची. ‘मला भूक लागली’, ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’, सगळीकडे अनुभव आपल्यावर येऊन आदळतो. डॅनिशमध्ये तो माणूस स्वतः कर्ता होतो: ‘याय एर सुल्टेन’, मी भुकेला आहे. तिसरी, ‘काल आलेला माणूस’ ही आपली घट्ट बांधलेली मोळी. डॅनिशमध्ये ती सोडून माणूस आधी आणि ‘जो काल आला’ मागून ठेवावं लागतं. शिवाय घरात, घरावर, घरापाशी हे मागून लागणारं सगळं डॅनिशमध्ये पुढे जातं, आणि कुठे ‘इ’ वापरायचा, कुठे ‘पॉ’, हे नियमाने कमी आणि सवयीने जास्त ठरतं. शाळेत ‘इ’, कामावर ‘पॉ’.

खरी परीक्षा मात्र कानाची आणि जिभेची. देवनागरीत लिहावं तसं वाचण्याची सवय असलेला माणूस डॅनिश पान पाहतो तेव्हा प्रत्येक अक्षराचा मान राखतो, आणि तिथेच फसतो. डॅनिश माणूस निम्मी अक्षरं गिळतो. ‘हालत्रेस’च्या लिखित रूपात ‘व्ह’ आणि ‘ड’ दोन्ही आहेत, ऐकू एकही येत नाही. शब्दाच्या शेवटचा ‘द’ इतका मऊ होतो की नवख्याला तो ‘ल’ वाटतो. मूर्धन्य ट-ठ-ड-ढ ठणकावून म्हणणाऱ्या मराठी जिभेला तो मऊपणा साधायला महिने लागतात. त्यात ‘स्तोद’ नावाचा प्रकार आहे, घशात क्षणभर श्वास अडकवण्याचा. ‘हुन’ म्हणजे ती. तोच उच्चार घसा अडकवून केला की कुत्रा. स्वरांची संख्या तर इतकी की खुद्द डॅनिश संशोधकांना आपली मुलं शेजारच्या देशांतल्या मुलांपेक्षा शब्द ओळखायला जरा उशिरा लागतात असं आढळलं आहे. परक्या माणसाची जीभ तपासायला डॅनिश लोक त्याला ‘रॉदग्रोद मेद फ्लोद’ म्हणायला लावतात. लाल फळांची लापशी आणि साय, एवढाच त्याचा अर्थ. ती खाणं म्हणण्यापेक्षा पुष्कळ सोपं.

एक अडचण व्याकरणाच्या पुस्तकात फारशी येत नाही. डॅनिशमध्ये ‘तू’साठी ‘दू’ आणि आदरार्थी ‘डी’ असे दोन शब्द होते. साठ-सत्तरच्या दशकांत ‘डी’ भराभर मागे पडला. आज तो मुख्यतः राजघराण्याशी बोलताना आणि काही औपचारिक पत्रांत उरला आहे. डॉक्टर, प्राध्यापक, कारखान्याचा मालक, मुलाची शिक्षिका, सगळ्यांना ‘दू’ आणि पहिलं नाव. केंदूरहून गेलेल्या, वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ आणि साहेबांना ‘साहेब’ म्हणत वाढलेल्या मुलीला ‘इ गोर सोल्ते याय लॉय’चा क्रम काही आठवड्यांत जमेल. आपल्या दुप्पट वयाच्या वरिष्ठाला पहिल्याच बैठकीत ‘दू’ म्हणायला मात्र तिला बराच धीर गोळा करावा लागेल, आणि ती अडखळली तर समोरच्याला वाटेल, हिचं व्याकरण कच्चं आहे.